सरकारी अंदाजपत्रकात उन्हासाठीही एक ओळ हवी

व्याकरण शिकवताना मी मुलांना दोन क्रियापदं शेजारी शेजारी लिहून देतो, 'बांधणे' आणि 'बांधून घेणे'. उर्दूच्या तासाला हीच जोडी 'बनाना' आणि 'बनवाना' अशी येते. घर गवंडी बांधतो, मालक बांधून घेतो. इमारत चांगली उठली की आपण गवंड्याचं कौतुक करतो, बिघडली की ठेकेदाराला शिव्या देतो. बांधून घेणाऱ्याने नेमकं काय मागितलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर बांधकामात एखादी नवी गोष्ट येते की नाही, हे बहुतेक वेळा त्याच्या मागणीवरच ठरतं.

मग आपल्या धाराशिव जिल्ह्यातला सगळ्यात मोठा बांधून घेणारा कोण? एखाद्या बिल्डरचं नाव डोळ्यापुढे आलं असेल तर ते बाजूला ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामपंचायतीची कार्यालयं, वसतिगृहं, तहसील, पोलिसांची क्वार्टर्स, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गावोगावची घरकुलं, हे सगळं सरकार बांधून घेतं. मोठे उद्योग फारसे नसलेल्या, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या आपल्यासारख्या जिल्ह्यात सिमेंट, लोखंड आणि गवंड्यांची मजुरी यांवर सरकारइतका नियमित खर्च दुसरं कोण करणार? म्हणून सरकार जे मागेल ते इथला गवंडी शिकेल, आणि जे मागणार नाही ते तो शिकणार नाही. हा निव्वळ तर्क नाही. आपल्या जिल्ह्याने हे एकदा पाहिलेलं आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्याकडचं सास्तूर ही नावं तेव्हापासून देशाला माहीत झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर पेललेलं माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. अशी वर्षानुवर्षं चढत गेलेली माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली.

त्यानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. 52 गावं नव्या जागी पूर्णपणे नव्याने वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. याशिवाय अनेक जिल्ह्यांत मिळून पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्यात मालक स्वतः घर करून घेत होता, सरकार पैसा आणि तांत्रिक सल्ला देत होतं.

या कामाने आपल्या भागातल्या गवंडीकामात एक गोष्ट कायमची आणली, ती म्हणजे दार-खिडक्यांच्या चौकटीवरून सगळ्या भिंतींना वेढा घालून जाणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा. भूकंपात भिंती सुट्या होऊन पडू नयेत म्हणून तो असतो. अभियंत्यांच्या पुस्तकात तो आधीपासून होता, गवंड्याच्या हातात नव्हता. सरकारने तो नकाशात काढला, अंदाजपत्रकात लिहिला, त्याची तपासणी ठेवली आणि तो असल्याशिवाय पुढचा हप्ता दिला नाही. काही वर्षांत तो सवयीचा झाला. आज उमरगा-लोहाऱ्याकडे एखादा शेतकरी स्वतःच्या पैशाने घर बांधत असला तरी चौकटीच्या वर पट्टा टाकायचा का, असं गवंडी त्याला विचारत बसत नाही. एका मोठ्या ग्राहकाने मागणी केली म्हणून एका पिढीची रीत बदलली.

पण त्याच अंदाजपत्रकात एक गोष्ट लिहायची राहून गेली, ती म्हणजे ऊन.

जुनं माळवद जीवघेणं होतं, त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण ते थंड होतं, हेही खरं. दोन-दोन फुटांच्या भिंती आणि मातीचं जाड छत यांतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. छतातल्या सवण्यातून गरम हवा वर निघून जायची. नव्या घरांत चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब आला. तो सकाळपासून तापतो आणि संध्याकाळी सातनंतर, माणसं घरात येतात तेव्हा, ती उष्णता आत सोडायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात लोक अंगणात झोपतात, आणि ज्यांना परवडतं ते कूलर लावतात. भूकंपाचं भय गेलं ही फार मोठी गोष्ट झाली. पण मातीच्या वजनाबरोबर घराचा गारवाही गेला आणि त्याच्या जागी काय आणायचं, हे कुणी ठरवलं नाही. सरकारने भूकंप लिहिला, गवंडी भूकंप शिकला. सरकारने ऊन लिहिलं नाही, म्हणून तीस वर्षांनंतरही आपला गवंडी उन्हाबद्दल काही शिकलेला नाही.

ऊर्जाबचत म्हटलं की आपल्याला दिवा बंद करा ही पाटी आठवते. इमारतीतली ऊर्जा त्याच्या बरीच आधी, नकाशा काढतानाच ठरते. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवून खिडक्या उत्तर-दक्षिण दिल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कमी शिरतं. खिडकीवर पुरेसा छज्जा असला की भिंत कमी तापते. छताखाली रोशनदानं असली की गरम हवा कोंडत नाही. छताचा वरचा भाग पांढरा असला की बरंचसं ऊन परत फेकलं जातं. निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांत अशा छतामुळे खोलीचं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरलेलं दिसलं आहे. यात परदेशी यंत्र कोणतंच नाही. दिशा बदलायला तर एक रुपयाही लागत नाही. लागतो तो फक्त विचार, कारण एकच ठरावीक नकाशा कोकणातही चालवायचा आणि भूम-परंड्यातही चालवायचा, ही आपली सरकारी सवय आहे.

माझा रोजचा संबंध वर्गखोलीशी, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी असावी, असं म्हटलं आहे. आपण त्याचा अर्थ पावसात गळणार नाही एवढाच घेतला. मार्च उजाडला की आपल्याकडे सकाळची शाळा सुरू होते. का? दुपारी वर्गात बसवत नाही म्हणून. इमारतीने जे करायला हवं होतं ते आपण घड्याळाकडून करून घेतो. पत्र्याच्या खोल्यांत तर सकाळी दहालाच मुलांचं लक्ष फळ्यावरून उडतं. दाट वस्तीतल्या, मोकळी जागा नसलेल्या शाळांचे हाल आणखी वाईट, आणि आमच्या कित्येक उर्दू शाळा तशाच मोहल्ल्यांत आहेत. पाढे पाठ होत नाहीत म्हणून मुलाला बोलायच्या आधी त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याला हात लावून पाहावा.

आता थोडा हिशेब करू. एका वर्गात साधे चार पंखे, प्रत्येकी 75 वॅटचे, म्हणजे 300 वॅट. नवे बीएलडीसी पंखे साधारण 30 वॅट घेतात, म्हणजे चार पंख्यांना 120 वॅट. रोज सहा तास पंखे चालले तर एका वर्गात दिवसाला एक युनिटहून थोडी जास्त वीज वाचते, 200 दिवसांत सुमारे 216 युनिट. दहा वर्गांची शाळा धरली तर वर्षाला दोन हजारांवर युनिट. शाळांच्या थकलेल्या वीजबिलांचा प्रश्न आपल्याकडे काही नवा नाही. मग नव्या वर्गखोलीच्या अंदाजपत्रकात आजही फक्त 'पंखा, नग चार' एवढंच का लिहायचं?

हे खाजगी माणसाने करावं, सरकारकडेच बोट का, असं कुणी म्हणेल. त्याचं एक कारण असं की नव्या गोष्टीचा धोका गरीब माणसाला घेता येत नाही. घरकुलाचे 1 लाख 20 हजार हातात असलेल्या माणसाने किमान 25 चौरस मीटरच्या घरात प्रयोग करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. दुसरं, बिल्डर घर विकून मोकळा होतो, वीजबिल घेणाऱ्याच्या माथी येतं. सरकारचं तसं नाही. सरकार इमारत बांधतं, त्यातच पन्नास वर्षं बसतं आणि बिलही स्वतःच भरतं. त्यामुळे आज थोडं जास्त घालून पुढे वाचवण्यात ज्याचा खरा फायदा आहे असा बांधून घेणारा सरकारच. शिवाय सरकार घाऊक घेतं, आणि घाऊक मागणी आली की कारखानदार भाव पाडतो.

याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या घरात लटकतो आहे. एलईडी बल्ब आधी चैनीची वस्तू होता. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ईईएसएल या कंपनीने तो मोठ्या संख्येने एकत्र खरेदी करायला सुरुवात केली. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना आली. 2014 च्या सुरुवातीला या खरेदीत जो बल्ब 310 रुपयांना पडत होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. पुढे या योजनेत 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. बल्बचा शोध सरकारने लावलेला नव्हता. सरकारने फक्त ठामपणे आणि भरपूर मागणी केली. आज खेड्यातल्या किराणा दुकानातही तो मिळतो.

मग इमारतींच्या बाबतीत असं का झालं नाही? काहीच झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं इंदिरा पर्यावरण भवन 2014 मध्ये सुरू झालं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेल्या या इमारतीच्या छतावर 930 किलोवॅटची सौरयंत्रणा आहे. वर्षभरात लागेल तितकी वीज स्वतःच तयार करायची, असा तिचा आराखडा आहे. सरकारला ठरवलं तर जमतं, हे तिथे दिसलं. कायदेही आहेत. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जासंहिता 2007 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली. निवासी इमारतींसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यातही दुरुस्ती झाली.

पण आकडे पाहा. व्यावसायिक इमारतींची संहिता लागू होते ती 100 किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारतींना. इको निवास संहिता आली ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी. वाशीच्या एखाद्या झेडपी शाळेचा भार 100 किलोवॅट असतो का? कळंबच्या घरकुलाचा भूखंड 500 चौरस मीटरचा असतो का? संहिता महानगरांतल्या काचेच्या इमारतींसाठी लिहिल्या गेल्या आणि देशातली बहुतेक माणसं ज्या छोट्या इमारतींत राहतात, शिकतात, बाळंत होतात, त्या चाळणीतून खाली पडल्या.

दुसरा अडथळा गावपातळीवरचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. तो म्हणजे दरसूची. सरकारी अभियंता अंदाजपत्रक करतो ते दरसूचीतल्या बाबी आणि दर धरून. बाब सूचीत असेल तर सही सहज होते. नसेल तर वेगळं दरविश्लेषण करा, कोटेशन मागवा, मंजुरी घ्या, आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात शंका निघाली तर उत्तर द्या. एवढं करून इमारत थंड झाली तर अभियंत्याला शाबासकी नाही, पण आक्षेप आला तर त्याच्या पगारावर वसुली. अशा वेळी शहाणा माणूस जुनं अंदाजपत्रक काढतो, तारीख बदलतो आणि पुढे पाठवतो. वर निविदा सर्वात कमी दराची. ठेकेदार कागदावर नसलेली एक वीटही का लावेल? म्हणून अभियंत्याला किंवा ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही. बदल सूचीत आणि निविदेत व्हायला हवा, म्हणजे तो करणाऱ्या माणसाला धाडस दाखवावं लागणार नाही.

हे जमतं का? शेजारी पाहू. 1948 पर्यंत आपण आणि तेलंगणा निजामाच्या एकाच हैदराबाद संस्थानात होतो. ऊनही सारखंच. त्या तेलंगणाने 2023 मध्ये राज्याचं थंड छत धोरण आणलं आणि सरकारी इमारतींना व सरकारी घरकुलांना उष्णता परतवणारं छत बंधनकारक केलं. हैदराबादचं ऊन सोलापूर ओलांडल्यावर काही सौम्य होत नाही. मग आपल्याकडे असं धोरण का नको?

केरळचं उदाहरण आणखी जुनं आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदाचं नाव कमी खर्चाच्या, हवेशीर इमारतींसाठी घेतलं जातं. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी त्यांची भिंत विटा वाचवते आणि ती पोकळी उष्णताही अडवते. पण बेकर एकटे काय करू शकले असते? 1970 च्या दशकात अच्युत मेनन मुख्यमंत्री असताना तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने आपला परिसर त्यांच्याकडून बांधून घेतला. पुढे निर्मिती केंद्रांमधून गवंड्यांना अशा पद्धतींचं शिक्षण मिळू लागलं. कारागीर होता, कल्पनाही होती. मागणी करणारी सार्वजनिक संस्था पाठीशी उभी राहिली तेव्हा त्या कल्पनेची परंपरा झाली.

हे सारं श्रीमंत राज्यांचं, असं कुणी म्हणू नये म्हणून एक दूरचा दाखला देतो. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या गरीब देशात गांदो नावाचं गाव आहे. तिथे फ्रान्सिस केरे यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन 2001 मध्ये प्राथमिक शाळा उभी केली. मातीच्या विटा, वर भोकं ठेवलेलं मातीचंच छत आणि त्याच्याही वर, अंतर सोडून उचलून धरलेला पत्रा. पत्रा तापतो, पण मधून वारा जातो आणि गरम हवा निघून जाते. या शाळेला 2004 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पत्रा आपल्याकडेही आहे, वाराही आहे. कमी आहे ते मधलं अंतर.

आणि आपल्याच जिल्ह्यात नळदुर्ग आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, बोरी नदीवर धरण बांधताना त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल केला गेला. सांडव्यावरून पाणी कोसळत असताना माणूस आत कोरडा बसतो आणि भर दुपारी गारवा अनुभवतो. ती सोय बादशाहासाठी होती, रयतेसाठी नाही, हे विसरायचं कारण नाही. पण बांधून घेणाऱ्याने पाण्याच्या साठ्याबरोबर गारवाही मागितला आणि त्या काळच्या कारागिरांनी एकाच भिंतीत दोन्ही दिलं. आता बादशाह नाही. बांधून घेणारे आपण आहोत, सरकार आपल्या नावाने सही करतं.

म्हणून मागणी नेमकी हवी. जिल्ह्यात यापुढे जी सरकारी खोली बांधली जाईल, तिच्या अंदाजपत्रकात चार बाबी असाव्यात. एक, दिशा आणि छज्जा नकाशात त्या-त्या जागेप्रमाणे ठरवावेत. दोन, छतावर चिनी मातीच्या तुकड्यांचा पांढरा थर किंवा परावर्तक रंग द्यावा, आणि पत्रा असेल तर त्याखाली हवा खेळणारं दुसरं छत असावं. तीन, रोशनदानं आणि कमी विजेचे पंखे असावेत. चौथी बाब सगळ्यात महत्त्वाची. निविदेत फक्त सामान लिहू नये, परिणामही लिहावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खोलीतलं तापमान बाहेरच्या सावलीतल्या तापमानापेक्षा जास्त नसावं, अशी अट घाला आणि दोषदायित्वाच्या काळात थर्मामीटर लावून ती तपासा. मग ठेकेदार आणि अभियंता दोघंही स्वतःहून उपाय शोधतील. नवी कल्पना अशा अटीतून जन्मते.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पांढरा रंग धुळीने काही वर्षांत मळतो आणि पुन्हा द्यावा लागतो, हे खरं आहे. म्हणून देखभालीची तरतूद त्याच कागदावर हवी, नाहीतर धूळ खाणाऱ्या सौर पॅनेलांच्या शेजारी मळकी पांढरी छतं उभी राहतील. सौर पॅनेल बसवण्याचा आग्रह चांगलाच आहे, पण आधी गरज कमी करावी आणि मग वीज तयार करावी. तापलेल्या खोलीसाठी जास्त वीज बनवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. खर्च थोडा वाढेल हेही मान्य. भूकंपाच्या पट्ट्यानेही खर्च वाढला होता, तेव्हा तो आपण जीव वाचवण्याचा खर्च मानला. उष्माघातानेही माणसं मरतात, फक्त एका पहाटेत नाही, एकेक करून. त्यामुळे ती मोजली जात नाहीत.

हे काम मुंबईच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचं नाही. सर्व शिक्षा अभियानात कित्येक वर्गखोल्या गावच्या समित्यांनीच बांधून घेतल्या होत्या. आजही प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालक बहुसंख्येने आहेत. आपल्या गावात पुढची वर्गखोली, अंगणवाडी किंवा आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागा. मराठीत आहे का पाहा, नसेल तर समजावून द्यायला सांगा. त्यात छतावर काय आहे, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि पंखे किती वॅटचे आहेत, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. एका गावाने विचारलं तर अभियंता हसेल. पन्नास गावांनी विचारलं तर ती बाब दरसूचीत येईल.